रुमालाखालचा आकडा

तिकडचा तह परवा झाला. दोनी बाजूंची मानसं मेजावर वाकून सह्या करताना मी टीव्हीवर बगितली, तवा कुठं माझं तोंड मोकळं झालं. सहा म्हैनं दाबून धरलं हुतं, आवं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हनत्यात, तो मी सहा म्हैनं खाल्ला. म्हसवडात पोरंटोरं मला ‘टाइट सुभेदार’ म्हनत्यात. म्हनू द्या. पन खरं काय घडलं ते मी आज सांगनार, आन् मधी कुनी बोलायचं न्हाई.

मी नाथाजी. रिटायर सुभेदार, अठ्ठावीस वर्सं पायदळात काढली. द्रासला मांडीत गोळी घेतली. तोफांच्या पायी उजवा कान गेला. आन् ह्ये ध्यानात ठेवा, जल्मात दारूचा थेंब घेतला न्हाई. पलटनीत रमचा कोटा मिळायचा, तो मी जवानांना वाटून टाकायचो. म्हैन्याच्या एक तारखेला माझ्या खोलीम्होरं देवळात लागत न्हाई एवढी रांग लागायची.

माझं पोरगं वीरधवल. मेजर! सुभेदाराचं पोरगं मेजर झालं म्हंजे काय असतं ते तुमास्नी न्हाई कळायचं. पहिल्यांदा वर्दी घालून घरी आलं तवा मी उठून कडक सलाम ठोकला, तर शालूबाई, आमची मंडळी, पदरात तोंड घालून हसली.

गेल्या साली वीरूला शांतिसेनेत धाडलं. आफ्रिकेतला एक देश. नाव सांगनार न्हाई, पेन्शन प्यारी हाय. तिथं सरकार आन् एक बंडखोर टोळी, आठ वर्सं युद्ध चाललेलं. वीरू आन् त्याचे चौतीस जवान एका उघड्या माळावरच्या चौकीत. जानेवारीत टोळीनं चौकीला वेढा घातला. विहीर कुंपनाच्या भाईर, ती टोळीच्या ताब्यात गेली. आत होतं नव्हतं तेवढं पानी. टीव्हीवर रोज तेच, वेढ्याचा चौथा दिवस, पाचवा दिवस. शालूबाईनं भाकरी सोडली, नुस्त्या च्यावर हुती.

नवव्या दिवशी, गुरवारी, रहिमान मला ओढून खरसुंडीला घेऊन गेला. “घरात बसून टीव्ही फोडशील, त्यापरीस चल,” म्हनला. रहिमान माझा शाळेपासनंचा दोस्त, जनावरांचा दलाल. मान-आटपाडी तालुक्यात खिलार बैलाची जोडी त्याच्या हाताखालनं गेल्याबिगर विकत न्हाई. पौषातली सिद्धनाथाची यात्रा, बाजार तुडुंब भरलेला. त्यानं जतच्या एका गिऱ्हाइकाचा हात धरला, वरनं रुमाल टाकला आन् झाला सुरू.

ज्यांनी बाजार बगितला न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं सौदा तोंडानं होत न्हाई. दोगांनी हात धरायचा, वरनं रुमाल. आत बोटं धरली की आकडा. एक बोट, दोन बोटं, आख्खा पंजा. तोंडानं फकस्त भांडायचं: “बैल हाय का बोकड?” “मंग घरी जा, बायकोला जुंप!” भवती पन्नास मानसं उभी असत्यात, पन खरा आकडा कुनाला दिसत न्हाई. का? तर मानूस उघड आकडा बोलला की त्या आकड्याला बांधला जातो. चारचौघांत खाली आला की अब्रू जाती. रुमालाखाली पाहिजे तेवढं खाली-वर व्हा, कुनाच्या बापाला कळत न्हाई.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लांबलचक नंबर.

“आबा, मी वीरू. पाच मिनटं मिळाल्यात.”

मला ऐकू येत न्हाई म्हनून मी फोन स्पीकरवर टाकला. दोनदा चुकीचं बटन दाबलं.

“पानी किती रं?”

“जपून प्यालं तर शनवारपतोर.”

“आन् वरचे काय म्हनत्यात?”

“दोन वाटा ठेवल्यात, आबा. एक, शनवारी पहाटं हेलिकॉप्टर येनार. ते वरनं, आमी आतनं, वेढा फोडायचा. दुसरी वाट बोलन्यांची. टोळीची वीस मानसं सरकारच्या तुरुंगात हायती. म्होरक्या म्हनतो वीस सोडा, वेढा उठवतो. सरकार म्हनतं चार. भोंग्यावर रोज तेच. वीस! चार! वीस! चार! दोनी बाजूंचं घोडं तिथंच पेंड खातंय.”

“अरं मंग हेलिकॉप्टर आनवा की!” मी ओरडलो. आजूबाजूचे बैल बुजले. “उगवतीकडनं घाला. सूर्य त्यांच्या डोळ्यावर येईल. पहिला मारा विहिरीवर करा, विहीर पडली की वेढा पडला. एक घाव दोन तुकडे!”

“विहिरीभवती तंबू हायती, आबा. बायका, पोरं, शेरडं. मुद्दाम बसवल्यात.”

“लढाईत तसलं बगून चालत न्हाई.”

तिकडनं हळूच म्हनला, “त्यातली एक पोरगी रोज कुंपनापाशी येती. माझ्या जवानांना हात करती.”

तेवढ्यात रहिमान वळला. जतवाल्याचा हात तसाच रुमालाखाली धरलेला, आन् हा माझ्या फोनवर वाकला. “वीरू, मी चाचा. ती मानसं धंदा काय करत्यात रं?”

“जनावरं, चाचा. उंटं आन् गाई. म्होरक्याचा बापबी बाजारात दलाल हुता म्हनं.”

“तिथं सौदा कसा करत्यात?”

तिकडनं पोरगं असं किंचाळलं की जतवाला दचकला. “चाचा! शालीखाली! हात धरून, वरनं शाल टाकून! मी डोळ्यानं बगितलंय, चाचा, हुबेहूब आपल्यासारखं!”

“मंग बसतोस का न्हाई त्याच्याम्होरं!” रहिमान थुईथुई नाचायलाच लागला, रुमालासकट. “तुमचं भांडन आकड्याचं न्हाईच रं! वीस मोठ्यानं बोललाय, आता त्याच्या टोळीतल्या पोरांदेखत त्याला एकोनीसबी म्हनता येत न्हाई. तुमचं सरकार चार बोललंय, त्याला पाच म्हनता येत न्हाई. भोंगा बंद करा. शाल टाका. आन् ऐक, बसल्या बसल्या बोट धरू नको. आधी नुस्ता हात धर. तोंडानं शिव्या घाल, त्याच्या पोरांना ऐकू जाऊ दे. त्यालाबी घालू दे. तुझा हात घामेजला तरी सोडू नको, जो हात पुसतो तो हरतो.”

“आन् त्यानं मनगट धरलं तर झिडकारायचं न्हाई,” जतवाला मधीच बोलला. ना वळख ना पाळख, पन गड्याला राहवंना.

“कर्नलसायबांना इचारतो,” वीरू म्हनला, आन् फोन तुटला.

मी रहिमानला धू धू धुतला. “बोटं धरून युद्ध थांबतंय व्हय रं? ते काय बैल हायती?”

“बैल असते तर सोपं हुतं, नाथा. बैलाला अब्रू नसती.” असं म्हनून त्यानं जतवाल्याचा सौदा पुरा केला.

कर्नलसायबांनी वर इचारलं, वरच्यांनी आनखी वर. कसं काय जमलं मला म्हाईत न्हाई. पन शनवार पहाटंपतोर मुदत मिळाली. बोलनी जमली तर जमली, न्हाई तर हेलिकॉप्टर उडनार, दोनीची तयारी ठेवायची. ह्ये मला कुनाकडनं कळलं? रहिमानकडनं! तिथंच माझ्या कपाळात गेली.

शुक्रवारी सकाळी मी रहिमानच्या अंगनात बसलो हुतो. त्याचा फोन वाजला. त्याचा! माझा न्हाई. बापाचा फोन खिशात गप, आन् पोरगं दलालाला फोन करतंय! रहिमाननं मला ऐकू यावं म्हनून स्पीकर लावला.

“चाचा, पाच वरनं नऊवर आलोय,” वीरू म्हनत हुता. आवाजात अशी तरतरी की जसा काय कुस्ती मारून आलाय. “पन शेवटचा अर्धा घंटा त्यो माझं मनगटच धरून बसला हुता. बोट धरंना, सोडंनाबी.”

“ह्योच टैम हाय!” रहिमान खाटंवरनं उठून उभा ऱ्हायला. “त्यो मनात घरच्यांना इचारतोय. परत बसाल तवा तूबी त्याचं मनगट धर आन् गप ऱ्हा. अकराला तुटनार बग. अकरा मिळाली की त्याला पोरांपुढं म्हनता येतं, निम्म्याच्या वर आनली. आन् वरच्यांना म्हनता येतं, निम्मी ठेवली.”

“वरनंबी अकराला मान्यता हाय. दुपारी बसतो.” आन् मंग म्हनला, “चाचा, आबांना सांगू नका. ते चिडत्यात.”

मी दोन हातावर बसलेलो! रहिमाननं माझ्याकडं बगितलं, त्याचं त्वांड एवढुसं झालं. मी कपातला च्या तिथंच ओतला आन् उठलो. घरी जाईपतोर नुस्ता जळत हुतो. ज्यानं बंदूक धरायला शिकवलं तो बाप कोन? कुनीच न्हाई!

आन् नेमकी तवाच, दुपारी तीनला, टीव्हीची गाडी दारात. पोरगी चुनचुनीत हुती, माइक तोंडाशी धरला. “सर, मेजरांचे वडील म्हणून आपल्या भावना काय?”

झालं. उचलली जीभ आन् लावली टाळ्याला. “भावना? ठोका म्हनावं, ठोका! बोलनी कसली करताय? फौजी मानसाला एकच बोट ठाऊक असतं, ट्रिगरवरचं! आन् तिकडं माझ्या पोराला काय करायला बसवलंय? शालीखाली बोटं धरून सौदा करायला! त्या म्होरक्याबरोबर! अकरा मानसं सोडनार म्हनं, अकरा! ही काय लढाई झाली?”

आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. शालूबाई दारात आली, पांढरीफटक. “आवं, काय बोलला तुमी ह्ये!”

तवा मला कळलं काय बोललो. पन बोललेलं माघारी येतंय व्हय? ती पोरगी आनंदानं नुस्ती थरथरत हुती. एवढी मोठी बातमी तिला जल्मात घावली नसंल.

साडेपाचला तिकडनं वीरूच्या कर्नलसायबांचा फोन. “सुभेदार साहब, ये आपने क्या कर दिया?” एवढा थंड आवाज मी तोफांच्या माऱ्यातबी ऐकला न्हाई. क्लिप सगळ्या जगात फिरली. म्होरक्याच्या पोरांनी फोनवर बगितली, कुनीतरी त्यांच्या भाषेत करून दिली. ‘आमचा म्होरक्या अकराला विकला गेला’ म्हनून त्यांनी त्याच्यावरच बंदुका रोखल्या. त्यानं जीव वाचवायला भोंगा उचलला: वीस, न्हाई तर एकबी न्हाई, आन् परत शाल टाकनार न्हाई. बोलनी खलास. “ज्यादा नहीं बता सकता,” कर्नलसायब म्हनले. “बस, कल सुबह टीवी मत देखिए.”

मी ओट्यावर बसलो. मी फौजी हाय, मला दिसत हुतं. हेलिकॉप्टरची धूळ, तंबू पेटलेले, आतनं माझं पोरगं पळत भाईर येतंय आन् पुढं उघडा माळ. चौतीसातले किती? आन् ती हात करनारी पोरगी? मी बोंबलून रडलो, लाज वाटून घेतली न्हाई. माझ्या पोराला मी मारलं हुतं.

रहिमान मोटारसायकल फेकूनच आत आला. म्हटलं आता हा मला चपलेनं मारनार, आन् मारावं असंच वाटत हुतं.

“रुमाल फाडलास तू, नाथा.”

“फाडला.”

“बाजारात सौदा फोडनाऱ्याला काय करायला लावत्यात?”

मला म्हाईत हुतं, बारा वर्साचा असल्यापासनं म्हाईत हुतं. फोडनाऱ्यानं भर बाजारात उभं ऱ्हायचं आन् स्वतःच्या तोंडानं म्हनायचं: मी खोटा, माझं तोंड खोटं, असा आकडा झालाच न्हवता. मंग ती दोगं पुन्ना रुमाल टाकायला मोकळी. कारन आकडा झालाच न्हवता, तर अब्रू कुनाची गेली? गेली ती फकस्त फोडनाऱ्याची. त्याला परत कुनी बाजारात उभं करत न्हाई.

“म्हनतो की,” मी उठलो. “आत्ता म्हनतो. पन इस्वास कोन ठेवंल रं? सुभेदार नाथाजी खोटं बोलला म्हनून?”

“शुद्धीतला सुभेदार न्हाई बोलनार खोटं,” रहिमान म्हनला.

आमी दोगं एकमेकाकडं बगतच ऱ्हायलो. मंग त्यानं गळ्यातल्या पिशवीतनं एक बाटली काढली. बैलाला गारठा झाला की पाजायची दारू. आता गंमत बगा! हा पाच वक्ताचा नमाजी, मी जल्माचा कोरडा. दोगांनाबी ती बाटली उघडता येईना! पिळतोय, दातानं ओढतोय, इकडं पोराचा जीव टांगनीला लागलाय आन् दोन थेरडी बाटलीशी झटतायत.

“द्या इकडं,” शालूबाई म्हनली. पदरात धरून एका हिसक्यात उघडली. माझ्या सदऱ्यावर ओतली, डोक्यावर ओतली, उरलेली हातात दिली. “चूळ भरा.” तिचे डोळे वाहत हुते, पन हात हलला न्हाई. “गावात मान जाईल तुमचा. जाऊ दे. मला पोरगं पाहिजे.”

टीव्हीची गाडी एसटी स्टँडपाशी उभी हुती. मी जाताना वाटंतच झुलायला लागलो. रमची रांग अठ्ठावीस वर्सं डोळ्यानं बगितलेली, प्यालेला मानूस कसा चालतो ते मला चांगलं ठाऊक! लोकं गोळा झाली. “सुभेदार? आवं सुभेदार प्याला!” ती पोरगी पळतच आली. “लाइव्ह घ्या, लाइव्ह घ्या!”

“बाई,” मी तिचा माइकच धरला, “दुपारीबी मी टाइट हुतो. वास आला न्हाई व्हय तुला?” लोकं हसली. “नऊ दिवस झाले, पोराचा फोन न्हाई. एकबी न्हाई! कुनी इचारंना मला, म्हनून म्हनलं काहीतरी फेकू. खरसुंडीच्या बाजारात बैलाचा सौदा बगितला, अकरा बैलांचा, तोच पोराच्या नावावर खपवला!” लोकं आडवी पडली हसून. मी थांबलो न्हाई. थांबलो असतो तर खरा वाटलो नसतो. “आन् मी कसला सुभेदार! लंगरात कांदं चिरायचो मी! घरातली मेडलं? जुन्या बाजारातली! गोळीबिळी काय न्हाई, मांडीत म्हशीनं शिंग घातलंय!”

आन् तवा गर्दीत मला लालासाहेब दिसला. आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष. द्रासला मला गोळी लागली तवा ह्या लालासाहेबानं मला पाठीवर घालून दोन मैल खाली आनलं हुतं, वरनं गोळ्या चाललेल्या. माझं रगत त्याच्या मानंवरनं गळत हुतं. त्याच्या तोंडाकडं बगून मी म्हनलो, “म्हशीनं! म्हशीनं मारलंय!” आन् नाचलो. तो थुकला आन् निघून गेला. आज सांगतो, मांडीतली गोळी एवढी दुखली न्हवती.

शनवारी पहाटं आमी टीव्ही लावला न्हाई. रहिमान, मी, शालूबाई, तिघं ओट्यावर फोन मधी ठेवून बसलो. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास उशिरा उजाडतं. सात वाजले. आठ. साडेआठला तिकडं उजाडलं असनार. शालूबाई सिद्धनाथाचं नाव घेत हुती, रहिमान ओठातल्या ओठात दुवा मागत हुता, आन् मी दोगांच्या मधी, माझ्या अंगाला अजून त्या बाटलीचा वास येत हुता.

नऊ वाजून दहा मिनटांनी वाजला. रहिमानचाच फोन. आन् ह्यावेळी मला काय राग आला न्हाई, देवाशपथ!

“चाचा, सुटलो! पस्तीसच्या पस्तीस! हेलिकॉप्टर न्यायला आलंय, मारायला न्हाई! आत्ता त्यात बसूनच बोलतोय!”

शालूबाईनं जी किंकाळी मारली ती मान नदीच्या पल्ल्याड गेली असंल. मी रहिमानला उचललाच. बासष्ट वर्साचा मी, मोडकी मांडी, आन् तेवढं धिप्पाड धूड उचलून गरागरा फिरवलं. “अकरा?” रहिमान वरनंच ओरडला.

“अकराच! पंधरा-वीस दिवसांत थोडे थोडे सोडायचे, गाजावाजा न करता. तिकडं तह होईपतोर चकार शब्द न्हाई!” मंग आवाज बारीक झाला. “चाचा, काल सांजच्याला म्होरक्याची पोरं ती दुसरी क्लिप बगून लोळत हुती. बंदुका खाली ठेवून पोटं धरून हसत हुती. त्यानं मला बोलवून घेतलं, फोन दाखवला. ‘ह्यो तुझा बाप?’ म्हनला. मी व्हय म्हनलो. तो हसायला लागला. मलाबी हसावं लागलं, चाचा. मोठ्यानं. आन् हसता हसता त्यानं शाल टाकली.”

फोन स्पीकरवर हुता. वीरूला म्हाईत हुतं का न्हाई, कुनास ठाऊक.

त्या दिवशी म्हसवडात पेढे वाटले, फटाके उडाले. मला कुनी पेढा दिला न्हाई. संघटनेनं नाव कमी केल्याचं पत्र सोमवारी आलं, खाली लालासाहेबाची सही. दुकानात गेलो तर पोरं ‘म्हशीनं मारलं’ म्हनत पळायची. रहिमान तळमळायचा. मी म्हनायचो, गप ऱ्हा रं, अकरातले अजून चारच सुटल्यात, खरं भाईर पडलं तर तो म्होरक्या त्याच्याच पोरांच्या हातनं मरंल, आन् मंग पुन्ना वेढा.

विसाव्या दिवशी वीरू सुट्टीवर आला. स्टँडपासनं देवळापतोर मिरवनूक. हलगी, फुलं, उघडी जीप. लालासाहेबानं त्याला पहिला हार घातला. शालूबाई ओवाळायला म्होरं हुती. मी मागं, उसाच्या रसाच्या गाड्याला टेकून, रहिमानच्या बाजूला. म्होरं गेलो असतो तर लोकं हसली असती, आन् तो दिवस पोराचा हुता.

तीच टीव्हीवाली पोरगी जीपपाशी पोचली. “मेजर सर, सगळा देश तुमचं कौतुक करतोय. पण तुमच्या वडिलांनी अकरा कैद्यांच्या सौद्याबद्दल जे विधान केलं होतं, ते खरं होतं का?”

हलगी थांबली. अकरातली चार मानसं अजून तुरुंगात हुती, मंगळवारी सुटनार हुती. पोरगं नुस्तं ‘माझा बाप खोटा न्हाई’ एवढं बोललं असतं तरी सगळं मातीत गेलं असतं. मला त्याचा सभाव ठाऊक. माझाच हाय तो, नाकावर राग. रहिमाननं माझं बखोट घट्ट धरलं.

वीरूनं गर्दीत बगितलं. मी घावलो त्याला. माझ्यावरची नजर न हलवता त्यानं माइक घेतला.

“माझे वडील त्या दिवशी प्यालेले होते,” तो म्हनला. खनखनीत, आवाज कुठं हलला न्हाई. “दोन्ही वेळा. तसा कुठलाही सौदा झाला नाही. त्यांच्या वतीनं मी आपल्या सगळ्यांची माफी मागतो.”

शाब्बास रं वाघा! मी मनात एवढ्या मोठ्यानं ओरडलो की वाटलं ऐकू गेलं. माझ्या छातीत मावत न्हवतं. असलं धैर्य मला द्रासला तरी हुतं का? लोकं एकमेकाकडं बगून मान हलवत हुती, पोराच्या नशिबी असला बाप, म्हनून हळहळत हुती.

त्यानं माइक परत दिला, जीपमधनं उतरला आन् गर्दी बाजूला सारत सरळ माझ्याकडं आला. वाकला. पायावर डोकं ठेवलं. मानूस वाकतो आन् उठतो. हा उठंना. माझ्या पायावर ऊन ऊन पडायला लागलं तवा मला कळलं.

“रडून घे, मेजर,” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हनलो. “पन वर बगू नको. कॅमेरा हाय.”

तो तसाच ऱ्हायला, आन् मी लोकांकडं बगून येड्यागत हसत ऱ्हायलो.